कचरागाडीतली बाई

सोमवार, २ डिसेंबर

सकाळी सव्वाअकराला मुख्याधिकारी साहेबांनी आम्हा अकरा कंत्राटी लोकांना वरच्या सभागृहात बोलावलं. मला वाटलं स्वच्छता स्पर्धेचं काही असेल, म्हणून मी वही-पेन घेऊन गेले. पहिल्या ओळीत बसले.

साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी मान खाली घालून कागद वाचला. शासनाचं अनुदान घटलं आहे, आस्थापनेवरचा खर्च कमी करण्याचे निर्देश आहेत, सबब नोव्हेंबरअखेर संपलेली कंत्राटं पुढे वाढवता येणार नाहीत. मग अकरा नावं. माझं सातवं होतं. 'नाहिद' म्हणताना ते जरा अडखळले, किंवा मला तसं वाटलं.

नऊ वर्षं झाली असती मार्चमध्ये. पाणीपट्टीचं टेबल माझं, दाखले माझे, आणि गावाला काही सांगायचं असलं की रिक्षात माईक घेऊन बसायचं तेही मीच.

यादीत डोमाजीही होता. तो पाण्याच्या पाइपलाइनचे व्हॉल्व उघडबंद करायचा, बावीस वर्षं. खिशातून चाव्यांचा जुडगा काढून त्यानं टेबलावर ठेवला आणि निघून गेला. झाडूवाली मैनाबाई मात्र हसत सुटली. म्हणाली, "साहेब, कमी खर्चाचं म्हनता, मंग दोन पंखे काहून चालू हायेत?" साहेबांनी उठून स्वतः एक पंखा बंद केला.

घरी अम्मीला सांगितलं. अम्मी हिंदीत बोलते, मी मराठीत लिहिते, शाळेपासूनची सवय. ती म्हणाली, "चला, आता दुपारचं गरम जेवशील." मग आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासलेली होती.

मंगळवार, ३ डिसेंबर

उठायचं काही कारण नव्हतं, तरी सहाला जाग आली. सव्वासातला गल्लीत मीच बोलायला लागले.

"नागरिकांना विनंती आहे, ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात..."

तीन वर्षांपूर्वी मुजफ्फरभाईंच्या साऊंडच्या दुकानात बसून घंटागाडीसाठी हे रेकॉर्ड केलं होतं. मला काढलं, पण माझा आवाज ठेवला. त्याला पगार लागत नाही.

अम्मी डबा घेऊन दारात गेली. गाडीवाल्याला घाई होती. ती म्हणाली, "थांब रे, माझी मुलगी बोलतेय, तिचं पुरं होऊ दे." मी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि आतल्या आत इतकी हसले की उचकी लागली.

सोमवार, ९ डिसेंबर

पांढरकवड्याला एका खाजगी शाळेत कारकुनाच्या जागेसाठी गेले. एसटीत दीड तास. त्यांनी वय विचारलं. एकोणचाळीस सांगितलं. समोरच्या माणसानं बाजूच्याकडे पाहिलं. "आम्हाले एखादी कम्प्युटरवाली पोट्टी पायजे होती." मी म्हटलं, नऊ वर्षं कम्प्युटरच केला. तो म्हणाला, कळवतो.

रडले नाही. बसस्टँडवर शेंगा घेतल्या आणि घरापर्यंत पुरवल्या.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मुजफ्फरभाई आले होते. चौकात त्यांचं साऊंडचं दुकान आहे, लग्नांना आणि सभांना स्पीकर लावतात. शब्द कमी, तारा जास्त असा माणूस. बायको जाऊन सात वर्षं झाली. एक माईक घेऊन आले, म्हणाले, यात खरखर येतेय, तुमचा आवाज माझ्या कानाला ओळखीचा आहे, जरा बोलून दाखवा.

मी बोलले. खरखर नव्हती. ते म्हणाले, "हां, आता गेली." आणि चहा पिऊन गेले.

बहुतेक त्यांना वाईट वाटत असावं. घंटागाडीचं रेकॉर्डिंग त्यांनीच केलं ना.

शनिवार, २१ डिसेंबर

मुजफ्फरभाईंचा अँप्लिफायर बिघडला. नऊ दिवसांत तिसरी वस्तू. इतका बिघडणारा माल ठेवून या माणसाचा धंदा चालतो कसा, देव जाणे. मी तसं तोंडावर म्हटलंही. त्यांनी मान हलवली.

अम्मी त्यांच्या चहात आलं किसून घालते. गेल्या महिन्यात मला सर्दी झाली तेव्हा घरात आलं नव्हतं.

रविवार, २९ डिसेंबर

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

दुपारी दारात एक म्हातारा उभा. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, पायात नवेकोरे स्पोर्ट बूट. सोबत मुजफ्फरभाई. म्हातारा मला पाहून म्हणाला, "बोल बरं एखादा शब्द."

मी म्हटलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

त्यानं मांडीवर थाप मारली. "हेच! हेच! कचरागाडीतली बाई!"

हे बापूजी. बोरदरीचे, तिथल्या शंकरपटाच्या समितीचे अध्यक्ष. वसंतपंचमीला त्यांच्याकडे बैलजोड्यांची शर्यत असते, दोन दिवस, लांबून लांबून जोड्या येतात. दरवर्षीच्या निवेदकाच्या घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं दोन महिने बोलायची बंदी केली. बापूजी कापूस घेऊन इकडे आले, रात्री सोयऱ्याकडे मुक्काम केला, आणि सकाळी दात घासताना घंटागाडी ऐकली.

"बाप्पा, कचऱ्याचं इतकं चांगलं कोनी सांगते काय? मी ब्रश तोंडात ठेवून गाडीमागं चाललो. डायवरले म्हटलं, हे बाई कुठी भेटन? तो म्हने साऊंडवाल्याले इचारा."

मी म्हटलं, मी आयुष्यात पट पाहिला नाही. बैल आणि बैलातला फरक कळत नाही. आणि माईकवर बाई कोण ऐकणार?

"मी आयकलं ना."

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. बापूजी चहा संपवून उठले तेव्हा अम्मी पदर सावरत म्हणाली, "येईल. मीही येईन सोबत." ते आनंदानं गेलेसुद्धा.

मी अम्मीशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तिला फरक पडलेला दिसला नाही. ती बोरदरीला कोणती साडी नेसायची ते ठरवत होती.

गुरुवार, २ जानेवारी

डोमाजीकडे गेले. तरुणपणी तो धुरकरी होता, म्हणजे पटात छकड्यावर उभं राहून जोडी हाकणारा, हे मला मैनाबाईनं सांगितलं. नऊ वर्षं एकाच कचेरीत होतो, मला पत्ता नव्हता.

तो अंगणात बसला होता. काम गेल्यापासून बाहेर पडत नाही, असं त्याची सून म्हणाली. मी कशाला आले ते सांगितलं तेव्हा त्यानं पायरीकडे बोट दाखवून मला बसायला लावलं. मग म्हणाला, "बैल रंगावून वळखू नको. रंग सारखेच असते. शिंगं पाह्य, खांदा पाह्य. अन् मायकवर सांगताना बैलाचं नाव आधी घे, मालकाचं मंग. पळते कोन, मालक का बैल?"

मग उठून शेजाऱ्याचे दोन गोऱ्हे सोडून आणले आणि गल्लीतून हाकले. मी पायरीवर उभी राहून ओरडत होते. गोऱ्हे पळाले नाहीत, एका दारातली कोथिंबीर खात उभे राहिले. मी त्याचंही वर्णन केलं. गल्ली जमा झाली. डोमाजी हसून हसून खाली बसला. सून दारातून बघत होती, पदराचं टोक तोंडात धरून.

रविवार, १२ जानेवारी

बोरदरीला जागा बघायला गेलो. मुजफ्फरभाईंचा छोटा टेम्पो. पुढे ते, मध्ये अम्मी, खिडकीशी मी. अम्मीनं वाटेत त्यांना त्यांच्या घराला किती खोल्या आहेत, नळ आत आहे की बाहेर, सगळं विचारलं. तिला चौकशांची हौस भारी.

समितीची बैठक पारावर. फकिरा नावाचे एक सदस्य उठून म्हणाले, "बापूजी, बाईच्या आवाजानं बैल बिथरतीन. आपली इज्जत जाईन."

बापूजींनी त्यांना विचारलं, "तुह्या बैलाले सकाळी पानी कोन दाखवते?"

"घरची."

"वैरन?"

"तेच."

"हाक मारते का मुक्यानं देते?"

लोक हसले. फकिराही थोडे हसले, पण हात वर केला नाही. चार विरुद्ध तीन मतांनी मी ठरले. पाणीपट्टीच्या टेबलावर मला कोणी मतं देऊन बसवलं नव्हतं.

परतीला मैनाबाईचा फोन. पटात भज्यांची गाडी लावली तर? म्हटलं टेम्पोत कढईला जागा आहे का ते मुजफ्फरभाईंना विचारते. ते म्हणाले, "कढई काय, सगळा गाव घ्या."

एवढं मोठं वाक्य त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

रविवार, २ फेब्रुवारी

बोरदरीच्या शाळेत बायकांची उतरायची सोय केली आहे, तिथं पाटावर वही ठेवून लिहितेय. ऊन अजून खिडकीत आहे.

सकाळी नऊला मचाणावर चढले. खाली माणसंच माणसं, कडब्याच्या गंजीवर, ट्रॅक्टरवर, बाभळीवर. मी माईक हातात घेतला आणि तोंडातून काय निघालं?

"सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की जोडी क्रमांक एक थोड्याच वेळात प्रस्थान करणार असून..."

मग सगळं मैदान हसलं. कोणीतरी ओरडलं, "कचरा कोन्या डब्यात टाकू, बाई?" पुन्हा हसले. माझे कान तापले. फकिरा खाली उभे होते, त्यांच्याकडे बघितलंच नाही. पहिल्या सात जोड्या मी अशाच वाचल्या, पाणीपट्टीची थकबाकी वाचावी तशा. एकदा बैलाच्या मालकाला बैलाचं नाव दिलं. वाटलं उतरावं आणि शेतातून चालत घर गाठावं.

आठव्या जोडीच्या आधी डोमाजी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर येऊन म्हणाला, "नाहिद, कागद खाली ठेव. गोऱ्हे कोथिंबीर खात होते, तवा जशी बोलली तशी बोल."

कागद ठेवला. बादल आणि तुफान नावाची जोडी आली. बादल मान उडवत होता. मी म्हटलं, "बादलराव, मान काहून उडवून राह्यले? नवरी पाह्याले आले का पळ्याले?" लोक पुन्हा हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. जोडी सुटली आणि मला आठवतही नाही मी काय बोलले. फक्त धूळ, घुंगरं आणि माझा आवाज पुढं पळत होता आणि मी त्याच्या मागं. सात सेकंदांत संपलं. टाळ्या! मी मोजक्याच वेळा टाळ्या ऐकल्या आहेत, त्याही आधीच्या साहेबांच्या निरोपसमारंभाला.

मग जे झालं ते दुपारी अडीचला. एका जोडीचा कासरा तुटला. धुरकरी पडला, बैल दोरखंड ओलांडून थेट बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळले. अम्मी तिथं होती. मैनाबाईची कढई तिथं होती. सगळीकडून आरडाओरड, कोणाला कोणाचं ऐकू येईना.

माझ्या तोंडून आपोआप कचेरीचा आवाज निघाला. न ओरडता. "नागरिकांना सूचना. पांढऱ्या मंडपाजवळच्या सर्व महिलांनी उठून उजवीकडे विहिरीच्या दिशेनं चालावं. धावू नये. मुलांचा हात धरावा. ट्रॅक्टरवरच्या पुरुषांनी खाली उतरू नये. कोणीही बैलांना ओरडू नये."

आणि लोकांनी ऐकलं! सकाळी याच वाक्यांना हसले होते. बायका उठल्या, विहिरीकडे सरकल्या, जशा रांगेत दाखला घेतात तशा. मध्ये रस्ता मोकळा झाला. बैल त्यातून पळत गेले आणि तुरीच्या शेताच्या बांधाशी जाऊन दम खात उभे राहिले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. धुरकऱ्याचं मनगट मुरगळलं तेवढंच.

फकिरा शिडी चढून वर आले. मला वाटलं आता बोलतील, बघा, बिथरले बैल. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "पी बाई. माही घरची तिथीच बसेल होती." आणि उतरून गेले.

मुजफ्फरभाई मचाणाखाली उभे होते. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अम्मी सुखरूप आहे, काळजी करू नका. ते म्हणाले, "मचाणाचा एक बांबू हलत होता. मी सकाळपासून धरून उभा आहे." सकाळपासून! जेवलेही नव्हते. कामाच्या बाबतीत माणूस फार काटेकोर आहे, हे मानावं लागेल.

मैनाबाईची भजी दुपारी तीनलाच संपली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ढाणकीकडून निरोप आला, तेवीस तारखेला पट आहे, कचरागाडीतली बाईच पाहिजे. झरी जामणीकडच्या एका गावात सोळाला आहे. तिथून जो माणूस आला, त्यानं कोलामीत, म्हणजे तिथल्या कोलाम लोकांच्या भाषेत, 'या' कसं म्हणतात ते शिकवलं, मी तीनदा चुकले, तो तिन्ही वेळा खूश झाला.

मुजफ्फरभाईंनी टेम्पोवर पाटी रंगवून घेतली: 'मुजफ्फर साऊंड, निवेदन: नाहिद'. मी म्हटलं, तुमचं नाव मोठ्या अक्षरांत कशाला? दुपारपर्यंत पाटी बदलून आणली. आता 'नाहिद' टेम्पोएवढं आहे आणि 'साऊंड' खाली कोपऱ्यात. स्वतःचं नाव घालायचंच विसरले. विसरभोळेपणाची हद्द आहे. अम्मीला सांगितलं तर ती तोंडावर पदर घेऊन आत गेली.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांचा फोन. कचेरीत बोलावलं.

एक पद मंजूर झालं आहे, एजन्सीमार्फत, एका वर्षासाठी. "मॅडम, तुम्ही या. तुमच्याशिवाय पाणीपट्टीचं टेबल अडलंय." त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.

मोह झाला, खोटं लिहिणार नाही. एक वर्ष! दर महिन्याला ठरलेला पगार, सावलीतली खुर्ची. पट तर होळीपर्यंत. पुढं काय, लग्नात माईक? उरुसात? लोकांना चार महिन्यांनी दुसरा आवाज आवडला तर?

एवढ्यात खाली आरडाओरड. सात नंबर वॉर्डातल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. तिकडे आठवडाभर नळ कोरडे, आणि बाजारपेठेत रस्त्यावरून पाणी वाहतंय. नव्या मुलानं कुठला व्हॉल्व फिरवला, त्यालाच माहीत नाही. काही व्हॉल्व डांबराखाली गेलेत, त्यांचा नकाशा कचेरीत नाही. तो डोमाजीच्या डोक्यात आहे.

मी म्हटलं, "साहेब, पद एकच आहे तर डोमाजीला द्या. पाणीपट्टी कोणीही लिहील. पण पाणीच नसेल तर पट्टी कशाची?"

"आणि तुम्ही?"

"मला रविवारी झरी जामणीला जायचंय."

बाहेर येऊन जिन्यात बसले. चुकलं का? आत्ताही माहीत नाही. पण साहेबांनी त्याआधी माझ्या समोरच डोमाजीला फोन लावला होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज सकाळी सातला सात नंबरात पाणी आलं. डोमाजी सायकलवरून गल्लीतून गेला, जुडगा खणखणवत, मुद्दाम.

दुपारी मुजफ्फरभाईंची बहीण शगुफ्ता आली, उमरखेडहून. साऊंडच्या धंद्याचं काही बोलायचं असेल असं मला वाटलं. पण ती माझ्या हाताला हात लावून बघत बसली, बांगडीचं माप विचारलं, मला भात आवडतो की भाकरी ते विचारलं, मग म्हणाली, "आमचा मुजू घरी बोलत नाही फारसा. तुमच्याबद्दल मात्र बोलतो." मी म्हटलं, हो, कामाबद्दल बोलणं होतं आमचं. ती अम्मीकडे बघू लागली, अम्मी छताकडे.

जाताना मिठाईचा डबा ठेवून गेली. झरी जामणीच्या पटासाठी शुभेच्छा म्हणून असावा. भली बाई आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे.

आज भाजी निवडताना मधेच कळलं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. अम्मीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "अल्लाचे आभार. मला वाटलं ईद येईल तरी तुला कळत नाही."

मी माहेरी परत आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा ठरवलं होतं, हे दार बंद. त्या दाराला मी आजवर हातही लावला नव्हता, आणि आता पाहते तर कोणीतरी बाहेर दोन महिने शांतपणे उभं आहे. मला भीती वाटते. पण ही पट सुरू होण्याआधीची भीती आहे, सभागृहात साहेब कागद वाचत होते तेव्हाची नाही. एवढा फरक मला आता कळतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

झरी जामणीचा पट दणक्यात झाला. जंगलातलं गाव, चारी बाजूंनी साग. कोलामीतलं 'या' बरोबर म्हटलं, म्हाताऱ्या बायकांनी मागून जोरात म्हणून दाखवलं. निकाल साडेतीनलाच लागला, उजेड असतानाच निघालो. मैनाबाई मागे स्पीकरांमध्ये बसून गाणी म्हणत होती.

दहा किलोमीटरवर टायर बसला. मुजफ्फर उतरले. मीही उतरले. अम्मी पुढच्या सीटवर डोळे मिटून होती. रस्त्याला कोणी नाही, मोहाची पानगळ सुरू झालेली, पानं गोल गोल फिरत खाली येत होती.

ते बसून नट सोडवत होते. पाना हातात, डोळे चाकाकडे. म्हणाले, "नाहिद, माझ्याशी निकाह कराल का? नाही म्हणालात तरी ढाणकीला साऊंड माझाच राहील. त्याचा याच्याशी संबंध नाही."

दिवसभर बोलून घसा बसला होता. मी खाली बसले, त्यांच्या हातातला पाना घेतला आणि उरलेला नट मी सोडवला. तो घट्ट होता. दोघांनी मिळून जोर लावला.

मग घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हो. पण ढाणकीचा पट झाल्यावर. तारीख आधी दिली आहे."

त्यांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. गालाला खळी पडते.

टेम्पोतून अम्मीचा आवाज आला, डोळे मिटलेलेच, "पट तेवीसला, रमजान दोन तारखेला. मधला शुक्रवार मोकळा आहे."

मागून मैनाबाई ओरडली, "लग्नाचे भजे माह्याकडं लागले!"